पी-३८ लाइटनिंग या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लढाऊ विमानाचं १/४८ प्रमाणातलं मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून वजन कुठे आणि किती घालावं?

वजन मुख्य चाकांच्या पुढे घाला: आधी मधल्या पॉडच्या (वैमानिक बसतो त्या भागाच्या) नाकात, मग दोन्ही इंजिनांच्या पुढच्या पोकळीत. किती, ते बॉडी बंद करण्याआधी तोलूनच ठरवा. खऱ्या विमानात दोन ॲलिसन इंजिनं, नाकातल्या चार मशीनगन आणि २० मिमीची तोफ पुढचा भार सांभाळत. मॉडेलमध्ये ते सगळं पोकळ आणि मागे मात्र दोन लांब बूम (इंजिनांपासून शेपटीपर्यंत जाणारे भाग)! मी हे मॉडेल जोडताना सगळे भाग मास्किंग टेपने बांधले, मुख्य चाकं टेकतात तिथे खाली पेन्सिल आडवी धरली आणि नाक ठामपणे खाली जाईपर्यंत शिशाचे छर्रे टाकत गेलो. त्यावर थोडे जास्तच टाका, कारण शेपटीवर रंग अजून चढायचा असतो. छर्रे इपॉक्सीने चिकटवा. पांढऱ्या गोंदात शिसं हळूहळू फुगतं आणि वर्षा-दोन वर्षांनी जोड उकलू शकतो. फक्त तामियाचा पी-३८ एफ/जी संच असेल तर त्यात पोलादी गोळ्या येतात, त्या सांगितलेल्या जागी बसवल्या की पुरे.