साखर पिशवीत अडकली नाही, ती तयारच झाली नाही

तुमच्या घरच्या बिअरचा हिशोब असा: ५ किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेले फिके जव), ३० लिटर पाणी, ६६ अंशांवर तासभर मॅश (दळलेला माल्ट पिशवीत घालून गरम पाण्यात मुरवणं, म्हणजे स्टार्चची साखर होते), पिशवी हाताला चटके बसेपर्यंत पिळली, ४ लिटर उकळून उडाले आणि शेवटी २३ लिटर वर्ट (ते साखरेचं पाणी) मिळाला १.०४० ग्रॅव्हिटीचा (पाण्याची १.०००; साखर जितकी जास्त तितकी ती जास्त). कृतीत १.०४९ होतं. ‘पिळायला कमी पडलो का?’ असं तुम्ही विचारलंय. नाही पडलात, आणि ते तुमच्याच आकड्यांतून दिसतं.

ग्रॅव्हिटीचे शेवटचे आकडे म्हणजे गुण (१.०४०चे ४०), आणि गुण गुणिले लिटर म्हणजे एकूण साखर. पेल माल्टच्या किलोमागे जास्तीत जास्त ३०० गुण धरा, ५ किलोचे १५००. हाती आले ४० गुणिले २३, म्हणजे ९२०. एफिशियन्सी, म्हणजे शक्य तेवढ्या साखरेपैकी हाती आलेली, ६१ टक्के. कृतीवाल्याने ७५ धरली होती. उकळीच्या आधी तुमच्याकडे २७ लिटर होते, म्हणजे चोथ्याने फक्त ३ लिटर धरले, किलोमागे ६०० मिली. चक्का टांगावा तसा रात्रभर टांगलात तरी यापेक्षा फार काही निथळणार नाही. आणखी एक लिटर निघाला असता तरी दोन-तीन टक्केच वाढले असते.

आता उलटं मोजा. ९२० भागिले २७, म्हणजे उकळीच्या आधी ग्रॅव्हिटी १.०३४ होती. सगळं पाणी तुम्ही सुरुवातीलाच घातलंत, वरून धुतलं नाहीत, त्यामुळे पिशवीतला आणि भांड्यातला वर्ट एकच. सगळा स्टार्च फुटला असता तर पिशवी उचलायच्या आधीच १.०४६च्या आसपास दिसलं असतं. जवळपास पाव भाग स्टार्च दाण्यातच राहिला.

माझा पहिला संशय भरडीवर. दुकानदार साधारणपणे मॅश टनच्या (तळाशी जाळी असलेल्या मॅशच्या भांड्याच्या) हिशोबाने दळून देतात: टरफल अख्खं राहावं, कारण तिथे टरफलांच्याच थरातून वर्ट गाळायचा असतो. आपल्याकडे गाळणी म्हणजे पिशवी. मी इथे मेलबर्नला पहिली पाच-सहा ब्रू तसल्याच भरडीवर केली आणि दर वेळी थर्मामीटरला शिव्या दिल्या. चोथा बोटांनी चुरडून बघितला तेव्हा आत पांढरे, कडक कण लागले. तुम्हीही आधी तेच करा. दुकानात दोनदा दळून मागा, किंवा स्वतःची चक्की असेल तर फट ०.७ मिमीच्या आसपास ठेवा. इडली रव्याएवढे कण आणि थोडं पीठ चालेल, नुसतं पीठ नको. पिशवी निथळता निथळत नाही.

स्टार्च तपासायला टाकलेला आयोडीनचा थेंब काळा झाला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. तो विरघळलेला स्टार्च दाखवतो, जाड कणाच्या पोटातला नाही.

बारीक दळलं की गुठळ्या होतात, म्हणून माल्ट थोडा थोडा सोडत ढवळा, पिठलं ढवळतो तसं. मग दर १५-२० मिनिटांनी पुन्हा. भांड्याला गोधडी गुंडाळा आणि वेळ ९० मिनिटं करा. पाण्याचंही बघायला हवं. मेलबर्नचं पाणी फार मऊ. नुसत्या फिक्या माल्टवर मॅशचा पीएच ५.७च्या वर जाऊ शकतो. ३० लिटरला ५-६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि थोडं लॅक्टिक ॲसिड घालून मी तो ५.४च्या जवळ आणतो. पण त्याने चवीत जितका फरक पडतो तितका एफिशियन्सीत पडत नाही, तेव्हा सुरुवात दळणापासूनच करा.

पिळल्याने टॅनिन (टरफलातलं तुरट द्रव्य) उतरतं ही भीती सोडा. ते उतरतं पीएच चढला आणि जोडीला पाणी फार तापलं तर.

एक शंका मात्र राहते: ग्रॅव्हिटी गरम वर्टची घेतलीत का? हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती नळी) साधारणपणे २० अंशांसाठी असतो. ६५ अंशांवर तो तब्बल पंधरा-सोळा गुण कमी दाखवतो. लिटरही थंड झाल्यावरच मोजा, उकळता वर्ट ४ टक्के फुगलेला असतो. पुढच्या वेळी पिशवी उचलायच्या आधी नीट ढवळून कपभर वर्ट काढा, गार करा आणि मोजा. १.०४४च्या वर आलं तर भरड सुधारली. १.०३५लाच अडकलं तर पिशवी उचलू नका, अर्धा तास आणखी मॅश करा.

आणि हो, सुट्टीत पुण्याला जाऊन भावाला शिकवायचा विचार लिहिलाय तो राहू द्या. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे.