रोज वापरायच्या गाडीला ३००० स्टॉलचा कन्व्हर्टर नको

भाऊ, रिमॅप केलेली (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक, आर्वी ते वर्धा रोजची ये-जा, आणि दुकानदार म्हणतो ३००० स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलामार्फत जोडणारा भाग) टाका. तुमचं हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण माझ्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स अशाच सल्ल्यापायी गेला.

टर्बाइन, स्टेटर वगैरे त्याच्या आतले भाग तुम्हाला ठाऊक असतीलच, ते सोडतो. स्टॉल म्हणजे गाडी ब्रेकवर धरून पूर्ण रेस दिली, तर इंजिन ज्या आरपीएमवर अडतं तो आकडा. तो एकट्या कन्व्हर्टरचा नसतो, इंजिनाच्या टॉर्कवर तो सरकतो, साधारण वर्गमुळाच्या हिशोबाने. २०० न्यूटन-मीटरला २००० आरपीएमवर स्टॉल होणारा कन्व्हर्टर २८८ ला २४०० वर जातो. म्हणजे त्या आरपीएमला रिमॅपने टॉर्क वाढला असेल, तर तुमचा मूळचा कन्व्हर्टरही आधीच थोडा वर गेलाय.

मला कन्व्हर्टर देणाऱ्या मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने ना टॉर्क विचारला, ना टायरची साइज, ना टॉप गिअरला आरपीएम किती असतो ते. त्यांच्या यादीतला आकडा लहान इंजिनावर मोजलेला, माझ्याकडे तो कितीतरी वर गेला. हंगामात जिनिंगसमोर कापसाच्या ट्रॅक्टरमागे सरकायचं, म्हणजे एवढ्या स्टॉलचा कन्व्हर्टर सतत घसरणार (इंजिन फिरतं, पण पूर्ण फिरणं चाकांपर्यंत पोचत नाही) आणि ती सगळी उष्णता तेलात जाणार. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, तिथे तेलाचा कूलर तरी किती पुरणार? तेल १२० च्या वर राहिलं की झपाट्याने खराब होतं. माझं काळं पडलं, क्लच प्लेटा जळाल्या. वॉरंटी मागितली तर म्हणे तुमच्याकडे ऊनच फार. गाडी विदर्भात चालणार हे ऑर्डर देतानाच सांगितलं होतं! आजही संताप होतो. म्हणून स्टॉल कोणत्या टॉर्कला मोजला, हे बिलावर लिहून घ्याच. लिहून देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

मी मिस्त्री नाही, आणि तुमची गाडी मी पाहिलेली नाही. तरी माझं मत ठाम आहे: मूळ व्यासाचाच कन्व्हर्टर, स्टॉल कंपनीच्या आकड्याजवळ, पण लॉक-अप क्लचचं (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून घसरण थांबवणाऱ्या क्लचचं) अस्तर दणकट. वाढलेल्या टॉर्कला बहुतेक आधी तोच हार मानतो. लॉक-अप लवकर लागेल असं ट्यूनरकडून, म्हणजे रिमॅप करणाऱ्याकडून, करून घ्या, समृद्धीवर १२० ने जाताना मग घसरण उरत नाही. मोठा टर्बो बसवला असेल आणि तो उशिरा दाब भरत असेल, तरच स्टॉल थोडा वाढवायचा. नुसत्या ड्रॅग रेसच्या (सरळ रस्त्यावरच्या शर्यतीच्या) गाडीची गोष्ट वेगळी.

जुना कन्व्हर्टर फुटला असेल तर कूलरही बदला, आतला चुरा नव्याची वाट लावतो. आणि गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी पहाटे तपासा. बऱ्याच सहा-गिअर गाड्यांत ती तेल ३५ ते ४५ अंशांवर असताना बघायची असते (नेमकं तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा). आपल्याकडे मेच्या दुपारी बंद गाडीचं तेलही तेवढं तापलेलं असतं, मोजेपर्यंत पुढे जातं.