रीडला जवसाचं तेल लावू का?

मागच्या महिन्यात या कॉलममध्ये मी सहज लिहून गेलो होतो की सॅक्सोफोनचा जीव त्या चकचकीत पितळेत नसतो, तो तोंडाशी बांधलेल्या बोटभर पट्टीत असतो, म्हणजे रीडमध्ये. त्यावर जे प्रश्न आले ते वाचून मला घामच फुटला, लोक त्या पट्टीला काय काय लावून राहिले आहेत बाप्पा! त्यातले चार घेतलेत.

प्रश्न : सर, मी बी.कॉम. सेकंड इयरला आहे, सेकंडहँड अल्टो सॅक्स घेतलाय, 2.5 नंबरची, म्हणजे मध्यम कडक रीड वाजवतो. दहा रीडचा डबा घ्यायचा म्हणजे खिसा रिकामा होतो, म्हणून नेटवर शोधलं तर वाचलं की रीडला जवसाचं तेल पाजलं की ती खूप टिकते. मामांचं फर्निचरचं काम आहे, त्यांनी त्यांच्या डब्यातलं डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल दिलं. दोन रीड रात्रभर बुडवून ठेवल्या, आता चिकट झाल्यात आणि पेंटसारखा वास येतो. डेटॉलने धुऊन वाजवल्या तर चालेल का? (एक वाचक, महाल)

उत्तर : नको बे, अजिबात नको. त्या दोन्ही रीड कचऱ्यात टाक आणि आधी तो तेल पुसलेला कपडा कुठे ठेवलास ते बघ, कपड्याचं पुढे सांगतो.

तुझी चूक नाही, ते नावच फसवं आहे. डबल बॉइल्ड म्हटलं की वाटतं दोनदा उकळलं म्हणजे एकदम शुद्ध, दूध उकळतो तसं. पण फर्निचरवाल्यांना तेल लवकर वाळायला हवं असतं, म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज असल्या धातूंचे क्षार मिसळलेले असतात, पूर्वी तर सर्रास शिसंही घालायचे. दरवाज्याला ते एक नंबर आहे, कारण दरवाजा कोणी चोखत नाही. रीड तू दिवसातून तासभर खालच्या ओठावर ठेवतोस, ओली करतोस, त्यातून आलेली लाळ गिळतोस. म्हणजे रीडला जे लावलं ते पोटात गेलंच समज. मी तर सोपा नियम ठेवलाय, जे चमच्याने खाणार नाही ते रीडला लावायचं नाही, आणि जे खाईन तेही बहुतेक वेळा लावायचं नाही.

आता तू म्हणशील मग इतवारीतून घाण्याचं जवस तेल आणतो, ते तर खायचंच आहे, आपल्याकडे जवसाची चटणी घरोघरी असते. विषाचा प्रश्न मिटला, कबूल, आणि असं तेल लावणारे काही वाजवणारे आहेतही. पण तरी मी लावत नाही, का ते सांगतो. रीड बनते अरुंडो डोनॅक्स नावाच्या गवतापासून, बोरूच्या जातीचं जाड, पोकळ, उंच वाढणारं गवत ते, त्यालाच मी पुढे वेत म्हणतो, फ्रान्सच्या दक्षिणेला वार नावाच्या भागातलं त्यासाठी फार नावाजलेलं. ती पट्टी कोरडी असताना नीट बोलत नाही, पाणी प्यायली की तिचे धागे थोडे फुगतात, टोक लवचीक होतं आणि मग ती हलते. जवसाचं तेल खोबरेल तेलासारखं नुसतं तेलकट राहत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू जमतं आणि त्याचा पापुद्रा होतो, म्हणून तर ते लाकडाला लावतात. रीडच्या छिद्रांत तोच पापुद्रा बसला की पाणी आत जाणार कसं? पट्टी जड होते, आवाज पांघरुणातून आल्यासारखा. टिकेल कदाचित, पण तसा आवाज टिकवून करायचं काय.

मला वाटतं हा घोळ क्लॅरिनेटवरून आलाय. त्याचं अंग काळ्या लाकडाचं असतं, ते तडकू नये म्हणून आतून तेलाचा हात फिरवतात, ते बरोबर आहे. कोणीतरी तेच ऐकलं आणि रीडला चिकटवलं.

आता तो कपडा. जवसाचं तेल वाळताना गरम होतं. पसरलेल्या कपड्यातून ती उष्णता उडून जाते, पण बोळा करून कोपऱ्यात टाकला तर आतच साठत जाते आणि कपडा आपोआप पेटू शकतो, काडी लागत नाही की ठिणगी लागत नाही. नागपूरच्या उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये, लाकडाच्या भुशाशेजारी, विचार कर. मामांना विचार ते काय करतात, मुरलेला कारागीर तो कपडा बाहेर तारेवर पसरून वाळवतो नाहीतर पाण्याच्या बादलीत टाकतो.

आणि डेटॉल नको. ते अंगावर वापरायचं, तेही पाण्यात घालून. रीड स्पंजसारखी असते, एकदा आत मुरलं की कितीही धू, चार दिवस जिभेवर दवाखाना. फिनेलही नको, कपड्याचं ब्लीच तर मुळीच नको, ते वेताचे धागेच खातं आणि बाथरूमच्या ॲसिडजवळ किंवा व्हिनेगरजवळ गेलं तर क्लोरीन वायू सुटतो.

पैसे वाचवायचेत ना? मग एकाच रीडच्या मागे लागू नकोस, चार रीड फिरत्या ठेव, आज ही उद्या ती. नवीन रीड पहिले काही दिवस पाच-दहा मिनिटंच वाजव. वाजवून झालं की नळाखाली धर, जाड बाजूकडून टोकाकडे अंगठा फिरवून पाणी निपटून टाक, उलट नाही, उलट फिरवलास तर टोक फाटतं, आणि सपाट काचेच्या तुकड्यावर वाळू दे. खिडकी फुटल्यावर उरलेली काच माझ्याकडे वीस वर्षं झाली आहे, कडा फक्त घासून घेतल्यात. आणि हो, सावजी रस्सा किंवा संत्रा बर्फी खाऊन सरळ सॅक्स उचलायचा नाही, आधी खळखळून चूळ भर. अर्ध्या रीड त्या तेलाने आणि साखरेनेच मरतात.

प्रश्न : दादा, माझा मुलगा सातवीत आहे, शाळेच्या बँडमध्ये सॅक्सोफोन शिकतो. त्याच्या रीडवर तपकिरी ठिपके दिसले, मला वाटलं बुरशी, म्हणून कुकरमध्ये तीन शिट्ट्या काढल्या, सोबत रीड बांधायचा तो काळा माऊथपीसही टाकला. रीड लाटेसारखी वाकडी झाली आणि माऊथपीस हिरवट पडला, वास पण विचित्र येतो. पेटीत झुरळ होऊ नये म्हणून डांबरगोळ्या ठेवल्या आहेत, ते तरी ठीक आहे ना? (एक आई, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : ताई, बाळाच्या बाटलीची सवय आहे ती, समजू शकतो. पण ठिपके कुठे होते ते महत्त्वाचं. रीडच्या खालच्या अर्ध्या भागावर जी गुळगुळीत साल असते तिच्यावर तपकिरी नक्षी जन्मतःच असते, केळ्याच्या सालीवर असते ना तशी, ती निरुपद्रवी. खरवडलेल्या पांढऱ्या भागावर किंवा मागच्या सपाट बाजूवर काळे, राखाडी, केसाळ डाग, बोट लावलं तर पुसले जातात, कुबट वास येतो, ती बुरशी. तशी रीड धुवायची नाही, फेकायचीच. 2016 मध्ये थोरॅक्स या वैद्यकीय नियतकालिकात बॅगपाइप वाजवणाऱ्या एका माणसाची केस आली होती, रोज वाजवायचा, वाद्याच्या आत ओलीत बुरशी वाढलेली, फुफ्फुसाचा आजार होऊन तो गेला आणि डॉक्टरांनी बोट त्या वाद्याकडेच दाखवलं. मुलाला घाबरवू नका, अशा केसेस विरळाच, पण वाजवून झाल्यावर ओली रीड माऊथपीसवर तशीच बांधून पेटी बंद करायची नाही, एवढी शिस्त लावाच. पावसाळ्यात तर जास्तच.

उकळणं बंद. वेत शिजतो, धागे सैल पडतात. माऊथपीस एबोनाइटचा असणार, म्हणजे गंधक घालून कडक केलेला रबर, गरम पाण्याने आणि उन्हाने त्यातलं गंधक वर येतं, म्हणून तो हिरवट रंग आणि तो वास. तोंडाची कड थोडीशीही वाकली असेल तर नीट वाजणार नाही, सरांना दाखवून घ्या, बहुतेक नवीन घ्यावा लागेल. पुढच्या वेळी कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश, संपलं. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर व्हिनेगरमध्ये पाणी घालून पाच-दहा मिनिटं.

रीड जंतुमुक्त करायचीच असेल, समजा मुलाला घसा आला होता, तर नवीन रीडच बरी. अगदीच जुनी वाचवायची तर हायड्रोजन पेरॉक्साइड, 3 टक्क्यांचं. मेडिकलमध्ये 6 टक्के म्हणजे 20 व्हॉल्यूमची बाटली मिळते, लेबल वाचा, त्यात तेवढंच पाणी घाला की झालं 3. पार्लरमधलं क्रीमवालं आणू नका. पंधरा मिनिटं ठेवा, बुडबुडे येतील, मग वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा आणि वाळवा. व्हिनेगर त्यात मिसळू नका, दोन्हींचं मिळून तिसरंच जहाल काहीतरी होतं, आणि उरलेलं पाण्याच्या बाटलीत भरून तर अजिबात ठेवू नका, घरात पोट्टं आहे.

डांबरगोळ्या आजच काढा ताई. नॅफ्थलीन असतं त्यात किंवा तसलंच दुसरं काही, त्याची वाफ बंद पेटीत रीडमध्ये आणि सॅक्सच्या भोकांवर बसणाऱ्या पॅडमध्ये मुरते आणि मुलगा पहिला श्वास तिथूनच घेतो. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात. झुरळांसाठी पेटीत खाऊ ठेवायचा नाही हा खरा उपाय, माझ्या एका विद्यार्थ्याच्या पेटीत अर्धा समोसा निघाला होता. आणि शाळेत एकच रीड दोघं-तिघं फिरवत असतील तर ते आधी थांबवा.

प्रश्न : नमस्कार भाऊ, चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वाजवून राहिलो. आमच्यात रीड नरम झाली की टोक दोन नाण्यांच्या मधात धरून लायटरने जाळतात, कडक असली की भिंतीवर घासतात, आणि एकजण रोज क्वार्टरमधले दोन थेंब रीडला पाजतो, म्हणतो जंतू मरतात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या उन्हात, वरातीत त रीड अशी वाकते की सूरच लागत नाही. यातलं काय खरं काय खोटं? (बँड पार्टीचे एक जुने वादक, कामठी रोड)

उत्तर : काका, तुमच्यासमोर मी काय बोलणार जी, पण विचारलंत तर सांगतो. नाण्याची युक्ती खरी आहे, जुन्या लोकांनी त्यावर संसार केलेत. रीड नरम झाली म्हणजे टोक पातळ आणि थकलेलं असतं, ते केसभर उडवलं की मागचा जाड भाग पुढे येतो आणि ती पुन्हा कडक बोलते, नाण्याची गोलाई टोकाच्या गोलाईशी जुळते म्हणून नाणं. फक्त जळालेली काजळी नीट पुसा, तोंडात जाते, आणि केसभर म्हणजे केसभरच. रीड कापायचं छोटं यंत्र मिळतं, रीड ट्रिमर, पार्टीत एक घेतलं तरी सगळ्यांना पुरतं.

भिंत नको. चुना, सिमेंट, पाच रंगांचे थर, सगळं तोंडात. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे काळा वॉटर पेपर मिळतो, 400 किंवा 600 नंबरचा, काचेवर अंथरायचा, रीडची सपाट बाजू ओली करून त्यावर दोन-चार वेळा हलक्या हाताने फिरवायची. ओलंच घासायचं, कोरडं घासलं की वेताची धूळ नाकात जाते. झाल्यावर धुवायची, त्या कागदाचे काळे कण वेतात रुतून बसतात.

क्वार्टरवाल्याला सांगा की बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं आणि जंतू मारायला 60-70 तरी लागतात, म्हणजे जंतू मरत नाहीत, टाइट होत असतील फार तर. रीड मात्र कोरडी पडते. तोही चालेल एकवेळ, पण कोणी पॉलिशचं स्पिरिट वापरत असेल तर हात धरून थांबवा, त्यात मिथेनॉल असू शकतं, त्याने डोळे जातात, माणूसही जातो.

नवतपाचं म्हणाल तर रीड वाकते ती कोरडेपणामुळे, टोक पातळ म्हणून ते आधी सुकतं आणि लाटा येतात. खिशात पाण्याची छोटी डबी ठेवा, वरात थांबली, नवरदेवाचे मित्र नागीण डान्स करून राहिले, तेवढ्यात रीड मिनिट-दोन मिनिटं पाण्यात, मग माऊथपीसच्या सपाट जागेवर अंगठ्याने दाबून धरा, लाटा बसतात. साधं पाणी, लाळेपेक्षा बरं. आणि पेटी टेम्पोच्या टपावर बांधू नका.

प्रश्न : रीडच्या टोकाला चीर गेली, नेलपॉलिशने जोडू का? की सरळ प्लास्टिकची रीड घेऊ? (एक वाचक, सदर)

उत्तर : नेलपॉलिश नाही, फेव्हीक्विक पण नाही, ते ओठावर सुटतं आणि जोडलेलं टोक हलत नाही. चिरलेली रीड गेली. प्लास्टिकवाली, म्हणजे सिंथेटिक, महाग पडते पण भिजवायची भानगड नाही, उन्हाने वाकत नाही, साबणाच्या पाण्याने धुता येते. आवाज थोडा वेगळा, मला स्वतःला वेताचाच आवडतो, पण मे महिन्यात माझ्या पेटीतही एक पडलेली असते. नंबर निवडताना दुकानदाराला आधीची रीड दाखवा, कंपनी बदलली की 2.5 हा 2.5 राहत नाही.