वाचकांचे प्रश्न : सरकारी रुग्णालयात सेवा करायची आहे

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून मी गेल्या वर्षी सेवानिवृत्त झाले. आईच्या आजारपणात अंबाजोगाईच्या रुग्णालयात काही आठवडे राहावे लागले, तेव्हा खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांची परवड जवळून पाहिली. आठवड्यातून दोन दिवस तिथे सेवा करावी असे मनात आहे. परंतु परिचर्येचे शिक्षण नाही आणि रक्तदाबाची गोळी सुरू आहे. मुलगा म्हणतो, "तिथं तुला कोण विचारतंय?" कोणाला भेटावे आणि नेमके कोणते काम मागावे?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : आपल्याला तिथे नक्की विचारतील, आणि विचारणारा असेल तो केसपेपर हातात धरून भांबावलेला माणूस. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून अनेक वर्षे काम केले, आणि माझ्या पाहण्यात रुग्णांचे सर्वाधिक हाल बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात होतात. पहाटेच्या एस.टी.ने आलेली म्हातारी केसपेपरची चौघडी करून तो पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली जपून ठेवते आणि खिडकीपाशी पोचल्यावर तो शोधता शोधता तिचा नंबर जातो. रक्त तपासायला सांगितलेले असते, पण चिठ्ठी इंग्रजीत असल्यामुळे ती एक्स-रेच्या रांगेत उभी राहते. चूक लक्षात येईपर्यंत नमुने घेण्याची वेळ संपते आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून ती तपासणी न करताच गावी परतते. दिवस सोयाबीनच्या काढणीचे असतील, तर ती पुन्हा येण्याची शाश्वती नाही. एवढे आयुष्य फळ्यापुढे घालवलेल्या बाईंनी तिला ती चिठ्ठी वाचून दाखवली आणि योग्य खोलीपर्यंत सोबत केली, तर त्याला परिचर्येचे शिक्षण लागत नाही.

दुसरे काम कागदपत्रांचे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते, आणि योजनेत समाविष्ट रुग्णालयांत त्यासाठी आरोग्यमित्र नेमलेले असतात. मात्र रुग्ण खाटेवर, शिधापत्रिका गावाकडच्या ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली ऊसतोडीला गेलेल्या लेकाजवळ, हा आपल्या बीड जिल्ह्यातला नित्याचा प्रकार आहे. नव्या सुनेचे नाव शिधापत्रिकेवर चढलेले नसते, आधारकार्डावरचे नाव वेगळे निघते. अशा वेळी गावी फोन लावून देणे, कोणता कागद कमी आहे ते मराठीत स्वच्छ लिहून देणे आणि नातेवाइकाला आरोग्यमित्रापर्यंत नेणे एवढे आपण करावे. योजनेत बसते की नाही याचे आश्वासन मात्र देऊ नये.

अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असल्यामुळे अर्ज अधिष्ठात्यांच्या नावे करावा. जिल्हा रुग्णालय असते तर तो जिल्हा शल्यचिकित्सकांच्या आणि ग्रामीण रुग्णालय असते तर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे गेला असता. अर्ज देण्यापूर्वी समाजसेवा अधीक्षकांना भेटावे, म्हणजे कुठे माणूस कमी पडतो ते कळेल. "जमेल तेव्हा येईन" असे लिहू नये. मंगळवार आणि शुक्रवार, नऊ ते बारा, असे नेमके लिहावे. लेखी परवानगी आणि ओळखपत्र मिळाल्याखेरीज कक्षात जाऊ नये.

आता एक चूक सांगतो, जिच्यात माझाही वाटा होता. आमच्याकडे येणाऱ्या एका उत्साही स्वयंसेवकाने तहानेने व्याकूळ झालेल्या रुग्णाला पेलाभर पाणी पाजले. तो रुग्ण शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेला होता. भूल देताना पोटात काही असेल तर ते उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून त्या दिवशीची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. त्याला आधी बजावून ठेवणे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते. तेव्हा पाणी, बिस्किट, गोळी, कूस बदलणे, सलाइनची गती कमी-जास्त करणे, यांतले काहीही परिचारिकेला विचारल्याशिवाय करू नये. छायाचित्रे काढू नयेत, आणि कोणाला क्षयरोग आहे किंवा कोणाची एचआयव्ही तपासणी झाली, हे घरी जेवतानासुद्धा बोलू नये. ओळखीच्या गावचा रुग्ण भेटला की हे पथ्य फार अवघड जाते.

रक्तदाब गोळीने आटोक्यात असेल तर या कामाला अडचण येऊ नये, तरी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. हिपॅटायटिस बी लशीच्या तीन मात्रा असतात. पहिलीनंतर एका महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी. खाली पडलेली सुई दिसली तर ती उचलू नये, कर्मचाऱ्यांना दाखवावी.

प्रश्न : मी १८ वर्षांचा असून लातूरला वसतिगृहात राहून नीटची दुसऱ्यांदा तयारी करत आहे. रविवारी रुग्णालयात दोन तास काम केल्यास प्रमाणपत्र मिळेल का? पुढे प्रवेशाला त्याचा उपयोग होईल का?
— एक विद्यार्थी, जि. परभणी

उत्तर : प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, त्यामुळे त्या प्रमाणपत्राने गुणवत्ता यादीत आपण एक पायरीही वर चढणार नाही. आपल्या वेळापत्रकाला झेपेल असे एक काम म्हणजे रक्तदान. आपले वय त्यासाठी पुरेसे आहे. वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम हवे, आणि पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये तीन महिन्यांचे अंतर ठेवावे लागते. महाविद्यालयांना सुट्ट्या लागल्या की शिबिरे कमी होतात आणि एप्रिल-मेमध्ये रक्तपेढ्यांत चणचण भासते. पण तेच दिवस आपल्या परीक्षेचे, म्हणून परीक्षा संपल्यावर लगेच जावे. रात्रभर जागून किंवा उपाशीपोटी जाऊ नये. मेसमध्ये नीट जेवून जावे आणि त्या दिवशी भरपूर पाणी प्यावे.