शंख देखणा, दात विषारी

प्रश्न : मालवणला ओहोटीत लेकीला शंकूसारखा नक्षीदार शंख सापडला. तो विषारी असतो म्हणे. खरं का? त्याचा गट कोणता?

उत्तर : खरं आहे. हा कोनस, म्हणजे समुद्री गोगलगाय. आत जीव असेल तर हात लावू नका. रुंद बाजूने धरा, असा सल्ला देणारे भेटतील. मी तरी धरणार नाही, तिची सोंड बरीच वळते. तिच्या टोकाशी इंजेक्शनच्या सुईसारखा पोकळ दात, एकदाच वापरायचा. यातल्याच कोनस जिओग्राफस या जातीने माणसंही मारली आहेत.

कोनस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५८ साली नोंदवली. २००९ मध्ये शंख आणि दातांवरून तिचे तुकडे पाडून ढीगभर वेगळ्या प्रजाती केल्या गेल्या. २०१४ मध्ये डीएनए तपासून बहुतेक जाती पुन्हा कोनसमध्येच आल्या. मला तेच पटतं. लेकीचा शंख रिकामा असेल तर खुशाल ठेवू द्या.