ताऱ्यांचं देठ परीक्षण

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, नाशिकला क्लास लावलाय. तिला म्हणे ताऱ्यांमधली मूलद्रव्यं तपासून आकाशगंगा कशी बनली ते शोधायचंय. यावर पोट भरतं का? की सरळ इंजिनीअरिंगला घालू?

उत्तर : भाऊ, बाग फुलोऱ्यात असताना पानाच्या देठात कोणती अन्नद्रव्यं किती आहेत ते कळायला तुम्ही देठ परीक्षणाला नमुने पाठवता ना? बऱ्याच प्रयोगशाळांत देठाचा अर्क ज्योतीत फवारून त्यातून प्रकाश सोडतात. किती प्रकाश शोषला गेला यावरून लोह, जस्त कळतं. तुमची लेक तेच करू म्हणतेय. फक्त ताऱ्याचा देठ तोडून आणता येत नाही, त्याचा प्रकाश तेवढा हाती येतो.

तारा ज्या वायूतून जन्मला, त्याचे गुण त्याच्या बाहेरच्या थरात बऱ्याच अंशी टिकतात. मॅग्नेशियम मुख्यतः मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटातून येतं, आणि मोठे तारे काही कोटी वर्षांतच संपतात. लोहाचा बराच वाटा श्वेतबटूंच्या (छोटे तारे संपल्यावर उरलेल्या गाभ्यांच्या) स्फोटांतून, म्हणजे उशिरा येतो. त्यामुळे जिथे तारे झपाट्याने बनले तिथे लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त, रेंगाळत वाढलेल्या छोट्या दीर्घिकेत (आकाशगंगेसारख्याच, पण लहान ताऱ्यांच्या समूहात) कमी. गाया या अवकाशयानाने मोजलेल्या ताऱ्यांच्या गतीशी हे प्रमाण २०१८ मध्ये ताडून पाहिलं, तेव्हा कळलं की सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेने एक छोटी दीर्घिका गिळली होती. तिचे तारे अजून आपल्यात फिरतायत. घडण वेगळी म्हणून ओळखू येतात.

आता पोटाचं. आयएटी ही प्रवेश परीक्षा देऊन पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत जाता येईल. नाही जमलं तर नाशिकलाच फिजिक्स घेऊन बीएस्सी, मग एमएस्सी, त्यात कमीपणा नाही. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रात किंवा बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत पीएचडी. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये. पण पीएचडीलाच पाच-सहा वर्षं जातात आणि कायम नोकऱ्या थोड्या. तिशीपर्यंत स्थिरस्थावर होणं अवघड, तेव्हा लग्नाची घाई असेल तर ती आधी बाजूला ठेवा. हे काम बरंचसं कॉम्प्युटरवर, लाखो ताऱ्यांच्या नोंदींशी चालतं. ते हात बसले की डेटाच्या नोकरीतही उपयोगी पडतात. इंजिनीअरिंगच्या सीईटीचा फॉर्म मात्र भरून ठेवाच.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात प्रदर्शन असतं. तिथे ताऱ्यांची मूलद्रव्यं नाही, आकाशातल्या रेडिओ लहरी टिपतात, पण या क्षेत्रातली माणसं भेटतील. तिचा बोर्ड आणि तुमची द्राक्षकाढणी तेव्हा ऐन भरात असेल, मला ठाऊक आहे. तरी एक दिवस काढून तुम्ही एकटेच जाऊन या.