‘आईकडून आलं’ म्हणजे आईमुळे झालं का?

नऊ महिन्यांचा मुलगा. त्याला आपण ओम म्हणू, खरं नाव वेगळं आहे. अंग ढिलं, मानही अजून नीट सावरत नव्हता. तपासणीत डुप-१५-क्यू सिंड्रोम निघाला होता, म्हणजे पंधराव्या गुणसूत्राचा एक भाग जादा. अहवालातल्या ‘जादा भाग आईकडून आलेला’ या ओळीखाली आईने स्वतःच पेनाने रेघ मारून आणली होती. "मॅडम, माझ्यामुळेच झालं ना?"

सासूबाईंचं आधीच ठरलेलं होतं. सातव्या महिन्यात ग्रहण होतं, सुनेने पाळलं नाही, भाजी चिरत बसली. अशा वेळी मी आजींना बाहेर थांबायला सांगत नाही. नाहीतर घरी गेल्यावर सुनेला एकटीलाच खिंड लढवावी लागते.

म्हणून आजींकडे बघूनच सांगितलं. पंधराव्या गुणसूत्राच्या एका भागाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. ओमच्या पेशींत एक छोटं जादा गुणसूत्र आहे आणि त्यात हा भाग दोनदा आहे. त्यामुळे एकूण ४६ ऐवजी ४७ आणि त्या भागाच्या प्रती चार. ही गडबड स्त्रीबीज तयार होताना होते, म्हणजे दिवस जाण्याच्याही आधी. सातव्या महिन्यातली सुरी तिथवर पोहोचणार कशी? आजी काही बोलल्या नाहीत, पण ग्रहणाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग आईचंच नाव का? त्या भागात यूबीई३ए नावाचं जनुक आहे. मेंदूच्या चेतापेशींत त्याची आईकडून आलेली प्रतच काम करते, वडिलांची जवळजवळ गप्प असते. हाच भाग वडिलांकडून जादा आला तर बऱ्याचदा फारसा त्रास दिसत नाही, आणि तपासणीची वेळही येत नाही. त्यामुळे आमच्यापर्यंत येणाऱ्या मुलांत तो बहुतेक आईकडचाच सापडतो.

बोलता बोलता आई म्हणाली, "झोपेतून उठला की सारखा दचकतो." मी मोबाइलवरचा व्हिडिओ मागितला. मान पुढे, दोन्ही हात झटक्यात वर, थोडं थांबून पुन्हा तेच, ओळीने. हे दचकणं नव्हे. या आजारात फिट्स येतात, आणि या वयात त्या अशाही दिसतात. माझं बाकीचं बोलणं तिथेच थांबवून त्याच दिवशी बालमेंदूरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींच्या आलेखात, फिट्सच निघाल्या, औषध सुरू झालं. तुमच्या बाळाचं असं काही दिसलं तर व्हिडिओ काढा आणि लगेच दाखवा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

पुढच्या भेटीत वडिलांनी विचारलं, "दुसरं मूल?" ओमसारखं वेगळं जादा गुणसूत्र जवळजवळ नेहमी नव्यानेच उद्भवतं, पुन्हा होण्याचा धोका अगदी कमी, तरी शून्य म्हणता येत नाही. आईची तपासणी केली, ती नॉर्मल आली. काही मुलांत मात्र जादा तुकडा पंधराव्या गुणसूत्रातच जोडलेला असतो. तो आईतही सापडला, तर दर खेपेला शक्यता ५० टक्के. त्यामुळे प्रकार कोणता, हे कळल्याशिवाय मी आकडा सांगत नाही. पुढच्या वेळी गर्भजलाची तपासणी करता येते, तेही सांगून ठेवलं.

ओम चालेल का, बोलेल का? यातली बरीच मुलं उशिरा, दोन-तीन वर्षांची झाल्यावर चालतात. बोलण्याचं प्रत्येकाचं वेगळं, काही बोलतच नाहीत. बऱ्याच जणांत स्वमग्नताही दिसते. कुठलाच अहवाल हे आधी सांगत नाही, म्हणून फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी आत्ताच सुरू करायची. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी दिली. तिथे ओमला घेऊन आता आजीच जातात.